सरलेल्या आठवड्याची जमेची बाजू कशी लिहावी?

कीर्दवाला
रविवार, रात्री १०.१५

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील तालुक्याच्या एका गावी पतसंस्थेत लेखनिक आहे. प्रश्न घरगुती आहे, परंतु येथे निरनिराळ्या क्षेत्रांतील जाणती माणसे लिहितात, म्हणून विचारण्याचे धाडस करतो.

गेल्या नोव्हेंबरात माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. तिचे वय ७१ वर्षे. उजवा हात आणि उजवा पाय निकामी झाला. वाचा मात्र सुदैवाने बरीचशी टिकली. पत्नी शाळेत शिकवते, त्यामुळे दिवसा एक मावशी सांभाळायला येतात आणि रात्रीची उठबस माझ्याकडे असते. डिसेंबरपासून मी दर रविवारी रात्री, आई झोपल्यावर, सरलेल्या आठवड्याची नोंद लिहू लागलो. घरात रोजकीर्दीची, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची, एक कोरी वही पडून होती, तीच घेतली. तिची पाने आधीच आखलेली असतात, डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे, म्हणजे खर्च. हाताला पंचवीस वर्षांची तीच सवय असल्याने जे चांगले झाले ते डावीकडे आणि जे वाईट झाले ते उजवीकडे, असे न ठरवताच ठरून गेले.

आज तेरा आठवड्यांची पाने एकदम चाळली. उजव्या बाजूला ६१ नोंदी निघाल्या: मावशींनी न सांगता घेतलेली सुट्टी, औषधांचे बिल, आईने चिडून भिरकावलेली वाटी, मार्चअखेरच्या वसुलीत एका थकबाकीदाराने चारचौघांत काढलेले शब्द, एका संध्याकाळी रोख शिल्लकेत कमी भरलेले आणि अखेर माझ्या खिशातून घातलेले ५०० रुपये. डाव्या बाजूला नोंदी अवघ्या ९, आणि त्यांपैकी चार ‘विशेष काही त्रास झाला नाही’ अशा आहेत. त्रास न होणे हीच जमा धरावी लागावी, इतकी ती बाजू ओस पडली आहे.

मध्यंतरी एका स्नेह्यांनी सुचवले की वाईट लिहूच नये, केवळ चांगले लिहावे, म्हणजे मनाला उभारी येते. दोन आठवडे तसे केले. ‘आई हसली’, ‘हवा छान होती’, ‘सर्व काही ठीक आहे’ असे लिहिले आणि लिहिताना हात अडखळला. आमच्या व्यवसायात पावतीवाचून दाखवलेली जमा हा संशयाचा विषय असतो. ती वाचणाऱ्याला पटत नाही आणि लिहिणाऱ्याला तर मुळीच पटत नाही.

तेव्हा दोन प्रश्न आहेत. हे आठवडे खरोखरच असे गेले, की माझी दृष्टीच उजवीकडे वळलेली आहे? आणि खोटे न लिहिता चांगल्या बाजूची नोंद ठेवण्याची काही रीत आहे काय? आपण आठवड्याला सहज ‘आठ दिवस’ म्हणतो, दिवस मात्र सातच असतात. माझ्या बाबतीत तो आठवा दिवस नुसत्या काळजीचा असावा, असे अलीकडे वाटू लागले आहे.


मानसवर्ग
सोमवार, सकाळी ७.३०

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. आपले आठवडे कठीण गेले आहेत, हे कोणी नाकारू नये. परंतु वाईटाचे वजन चांगल्यापेक्षा जास्त पडते, हेही तितकेच खरे आहे. रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली तोपर्यंतचे बरेच संशोधन एकत्र तपासून दाखवले की नातेसंबंध असोत, भावना असोत किंवा इतरांचे अभिप्राय असोत, सारख्याच आकाराच्या दोन घटनांपैकी वाईट घटनेचा ठसा बहुधा अधिक खोल उमटतो. थकबाकीदाराचे शब्द आपल्या वहीत आले आणि त्याच दिवशी मुकाट्याने हप्ता भरून गेलेले सभासद आले नाहीत, याचे कारण बव्हंशी हेच आहे.

दुसरे म्हणजे आपण लिहिता ती वेळ. रविवारी रात्री दहानंतर, दमलेल्या अंगाने आणि सोमवार डोक्यावर असताना, आपण सात दिवसांचा हिशेब मांडता. १९९३ साली डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. सहभागी व्यक्तींना एकदा १४ अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवायला सांगितले, आणि दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद व त्यापुढे आणखी ३० सेकंद, ज्यांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत वाढवले जाई. दुसऱ्या वेळचा एकूण त्रास उघडच जास्त होता. तरीही यांपैकी काय पुन्हा कराल असे विचारल्यावर बहुसंख्यांनी ती लांब वेळ निवडली, कारण तिचा शेवट थोडा सुसह्य होता. आपली आठवण कालावधी मोजत नाही. ती अनुभवाचे टोक आणि शेवट यांवर निकाल देते. म्हणून रविवार रात्रीऐवजी सकाळी चहाच्या वेळी लिहून पाहावे, आणि आठवडाभर खिशात एखादी चिठोरी ठेवून त्यावर दोन-दोन शब्द टिपत राहावे, म्हणजे रविवारी आठवणीवर विसंबावे लागणार नाही.

आता आपला दुसरा, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा प्रश्न. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका गटाला आठवडाभर रोज रात्री त्या दिवशी चांगल्या झालेल्या तीन गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या. हा भाग सर्वांना माहीत असतो. जो भाग लोक गाळतात तो असा की प्रत्येक गोष्टीपुढे ती का घडली, हेही लिहायचे होते. त्या गटातील लोकांचे समाधान पुढील सहा महिन्यांच्या मोजणीतही वाढलेले आढळले, आणि ज्यांनी आठवडा संपल्यावर आपणहून लिहिणे चालू ठेवले त्यांना लाभ अधिक झाला. ‘आई हसली’ ही नोंद आपल्याला पोकळ वाटली, कारण तिच्यापुढे कारण नाही. ती केव्हा हसली, कशावर हसली, कोणी हसवले, हे लिहिले असते तर हात अडखळला नसता. आपल्या परिभाषेत सांगायचे तर कारण हीच त्या जमेची पावती आहे.

रोज लिहिण्याचा आग्रह नको. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका अभ्यासात सहा आठवडे आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना लाभ झाला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. वारंवार केलेली गोष्ट शिळी होत असावी. आणि प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की या उपायाचे जेवढे ढोल वाजवले जातात तेवढा त्याचा परिणाम मोठा नाही. कृतज्ञतेच्या अशा प्रयोगांचा २०२१ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा नैराश्य आणि चिंता यांवरील त्यांचा परिणाम अल्पच असल्याचे दिसले. हे औषध नव्हे. फार तर चष्म्याची काच पुसण्यासारखे आहे.


उंबरठा
सोमवार, दुपारी २.०५

वरील उत्तर विद्वत्तापूर्ण आहे आणि मला त्यात चूक काढायची नाही. मी माझ्या सासऱ्यांची सहा वर्षे सेवा केली. त्या काळात भेटायला येणारा प्रत्येक जण ‘चांगले बघा, चांगले बघा’ असे सांगून चहा पिऊन जात असे, आणि त्यांच्या मागे कपबशा विसळताना मला वाटे की आता वाईट वाटण्याचाही हक्क राहिला नाही. मीही वही केली होती. तिसऱ्या महिन्यात ती आणखी एक काम झाली, आणि ज्या आठवड्यात लिहायला काही सापडत नसे त्या आठवड्यात मीच कुठे तरी कमी पडले, असे वाटू लागले. काही आठवडे खरोखर वाईट असतात. त्यांना वाईट म्हणून सोडून द्यावे. तुमच्या ६१ नोंदी खोडू नका, त्या तुमच्या श्रमाच्या आहेत.


कीर्दवाला
सोमवार, रात्री ९.५०

उंबरठा ताई, आपले शेवटचे वाक्य वाचून बराच वेळ काही सुचले नाही. खोडणार नाही. खाडाखोड तशीही आमच्याकडे चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारून सही करावी लागते, आणि खालचा आकडा वाचता आला पाहिजे असा दंडक आहे.

मानसवर्ग यांचे आभार. चिठोरी आजपासून खिशात ठेवली आहे.


सावकाश_चाला
मंगळवार, रात्री ८.२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझे बहुतेक रुग्ण आपल्या आईंसारखेच असतात. मला आपल्या प्रश्नात मनापेक्षा मोजमापाची अडचण अधिक दिसते.

रोज सोबत राहणाऱ्या माणसाला सुधारणा दिसत नाही. ती दिसते महिन्याने येणाऱ्या मुलीला, जी दारातूनच ‘अगं, केवढा फरक पडला’ म्हणते, आणि घरचे लोक तिच्याकडे ही कोठून आली अशा नजरेने पाहतात. पक्षाघातानंतर सुधारणेचा सर्वांत वेगवान काळ बहुधा पहिल्या तीन महिन्यांचा असतो आणि पुढे ती मंदावत, पण चालूच राहते. आपल्या आईंना चार महिने झाले, म्हणजे नेमक्या ज्या काळात बदल बारीक होऊ लागतात त्या काळात आपण मोठे बदल शोधत आहात.

आम्ही बार्थेल निर्देशांक नावाची एक मोजपट्टी वापरतो. ती १९६५ साली अमेरिकेतील मेरिलँड राज्यात प्रसिद्ध झाली आणि आजही जगभर वापरात आहे. जेवणे, आंघोळ, तोंड धुणे व केस विंचरणे, कपडे घालणे, शौच आणि लघवी यांवरील ताबा, संडासचा वापर, खाटेवरून खुर्चीत बसणे, चालणे आणि जिना चढणे, अशा दहा कामांना मिळून १०० पर्यंत गुण असतात. तिची गंमत अशी आहे की गुण ‘बरे वाटते का’ याला नसतात. स्वतःच्या हाताने जेवता आले तर १०, घास कालवून किंवा पोळी तोडून द्यावी लागली तर ५, भरवावे लागले तर ०. एका माणसाच्या आधाराने चालता आले तर १०, काठी घेऊन का होईना पण एकटे चालता आले तर १५. ही मोजणी महिन्यातून एकदा करावी. आठवडा हे तिच्यासाठी फार लहान माप आहे, आणि दर रविवारी तोच आकडा पाहून माणूस खचतो.

आठवड्यासाठी एकच लहान गोष्ट निवडावी. शनिवारी सकाळी, ठरलेल्या वेळी, खाटेचा कठडा धरून आई किती सेकंद उभ्या राहतात, किंवा खाटेपासून उंबऱ्यापर्यंत किती पावलांत बसावे लागते, किंवा किती घास आपल्या हाताने घेतल्यावर चमचा खाली ठेवतात. यांपैकी एकच. तो आकडा कमी झाला तरी लिहावा. रात्री झोप झाली नसेल, पोट बिघडले असेल, आकडा उतरतोच. मात्र अचानक बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा नवा अशक्तपणा आला तर तो वहीचा विषय नाही, तत्काळ रुग्णालयात न्यावे.

आणि एक विचारायचे होते. आईंनी वाटी भिरकावली असे आपण नावे बाजूला लिहिले आहे. कोणत्या हाताने भिरकावली? उजव्या हाताने भिरकावली असेल, तर माझ्या वहीत ती डाव्या बाजूला गेली असती. चेष्टा म्हणून सांगत नाही. चीड मात्र दुर्लक्षू नये. पक्षाघातानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते आणि पुष्कळदा ते रडण्याऐवजी चिडण्यातून बाहेर पडते. पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर घालावे.


जुनी_तेरीज
बुधवार, सकाळी ११.००

मी सहकार खात्यातून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झालो. कीर्दवाले यांची भाषा माझीच भाषा असल्याने लिहिण्याचा मोह आवरला नाही. प्रथम एक तक्रार: रोख शिल्लकेत ५०० रुपये कमी भरले तर ते खिशातून घालून मेळ बसवू नये. फरक जसा आहे तसा नोंदवावा, वरिष्ठांना सांगावा आणि शोधावा. खिशातून घातलेल्या पैशाने चूक भरून निघत नाही, फक्त लपते. हे विषयाला सोडून आहे, पण सवय जात नाही.

आता विषय. एकतीस वर्षे मी संस्थांचे दप्तर तपासले आणि दोष लिहिले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये त्याची चोख व्यवस्था आहे. लेखापरीक्षणात दोष दाखवले गेले की कलम ८२ प्रमाणे संस्थेने ‘ओ’ नमुन्यात दोषदुरुस्तीचा अहवाल द्यायचा असतो. एखाद्या संस्थेच्या सचिवाने पंचवीस वर्षांत एकही बैठक कोरमअभावी वाया जाऊ दिली नाही, हे लिहायला मात्र स्वतंत्र नमुना नाही. घरीही तेच पाहिले. आम्ही जैन, आई प्रतिक्रमण करीत असे. त्याचे दैनंदिन प्रकार आहेत, पाक्षिक आहे, चातुर्मासिक आहे आणि वर्षाचे सांवत्सरिक आहे, आणि प्रत्येकात आपल्या हातून घडलेले दोष आठवून त्यांपासून मागे फिरायचे असते. ती रीत थोर आहे, तिच्याविरुद्ध माझा शब्द नाही. पण दोष आठवण्यासाठी इतके ठरलेले दिवस असताना बरे आठवण्याचे काम मात्र ज्याच्या त्याच्या लहरीवर सोपवलेले आहे, असे मला उतारवयात जाणवू लागले.

कीर्दवाले यांच्या वहीत एक गंभीर दोष आहे, आणि तो कोणाच्याच लक्षात कसा आला नाही याचे आश्चर्य वाटते. त्यांनी तेरा आठवडे कीर्द लिहिली आणि तेराही पानांवर आरंभीची शिल्लक लिहिली नाही.

रोजकीर्दीत डाव्या बाजूची पहिली ओळ कोणती असते? आदल्या दिवसाची अखेरची शिल्लक, जी आज आरंभीची शिल्लक म्हणून पुढे ओढली जाते. त्या दिवशी संस्थेत एक रुपयाही आला नाही तरी डावी बाजू कोरी नसते. आपण मात्र प्रत्येक रविवारी शून्यापासून सुरुवात केलीत आणि त्या सात दिवसांत नवीन काय आले एवढेच पाहिलेत. समजा, डिसेंबरात आई आधाराविना बसू लागल्या. त्या आठवड्यात ती जमा होती. जानेवारीत ती जमा राहिली नाही, कारण ती रोजची झाली. परंतु ती गेली कोठे? ती शिल्लकेत गेली. आपल्या वहीला शिल्लकेची ओळच नसल्याने ती नाहीशी झाल्यासारखी दिसते. वाईटाचे तसे होत नाही. मावशींची सुट्टी प्रत्येक वेळी नवी नोंद म्हणून येते आणि प्रत्येक वेळी नव्याने टोचते. एका बाजूच्या नोंदी दर आठवड्याला ताज्या आणि दुसऱ्या बाजूच्या नोंदी रोजच्या होताच गायब, अशी वही कितीही प्रामाणिकपणे लिहिली तरी तिचा मेळ बसणार नाही.

म्हणून माझी सूचना एवढीच आहे. या रविवारी नवीन काही लिहिण्यापूर्वी डाव्या बाजूला पहिली ओळ ‘आरंभीची शिल्लक’ अशी लिहावी, आणि आई रुग्णालयातून घरी आली त्या दिवशी जे नव्हते आणि आज आहे, ते सर्व तिच्याखाली मांडावे. आईचेच नव्हे, आपलेही. रात्री उठवताना कंबर कशी सांभाळायची, हे नोव्हेंबरात आपल्याला येत होते काय?

एक अट आहे. शिल्लक मागील पानावरून नकलून लिहायची नाही, मोजून लिहायची. तिजोरीतील नोटा न मोजता कीर्दीतील आकड्यावर सही करणारे अनेक रोखपाल मी पाहिले आणि त्यांतील काहींचे पुढे काय झाले तेही पाहिले. जे या आठवड्यात खरोखर हातात आहे तेवढेच लिहावे. काही कमी झाले असेल तर कमी लिहावे.


योकोहामाकर
गुरुवार, दुपारी ४.३० (भारतीय वेळ)

मी मूळचा नाशिकचा, गेली बारा वर्षे जपानात आहे. जुनी_तेरीज यांचे उत्तर वाचून येथील ‘नायकान’ नावाची एक रीत आठवली. योशिमोतो इशिन या गृहस्थांनी एका बौद्ध पंथाच्या अतिशय कडक साधनेतून उपासतापास काढून टाकून ती १९४० च्या दशकात घडवली, आणि पुढे तेथील तुरुंगांतही ती वापरली गेली. तिच्यातही नेमका एक आठवडाच असतो. माणूस सात दिवस खोलीच्या कोपऱ्यात पडद्याआड बसतो आणि आयुष्यातील एकेका व्यक्तीविषयी तीन प्रश्नांची उत्तरे शोधतो: मला तिच्याकडून काय मिळाले, मी तिला काय दिले आणि माझ्यामुळे तिला कोणता त्रास झाला. दर एक-दोन तासांनी कोणीतरी येऊन ऐकून जाते. सुरुवात सहसा आईपासून करतात.

मला त्यात लक्षणीय वाटते ते हे की तिने मला कोणता त्रास दिला, हा चौथा प्रश्न मुद्दामच विचारत नाहीत. त्याचे उत्तर न विचारताही सर्वांना पाठ असते.

तरीही कीर्दवाले यांना मी तिसरा प्रश्न सुचवणार नाही. शुश्रूषा करणाऱ्या माणसाच्या मनात अपराधाची भावना आधीच पुरेशी असते, आणि उंबरठा यांनी लिहिलेले मला तंतोतंत पटते. पहिला प्रश्न मात्र घ्यावा, आणि त्याचे उत्तर वस्तूंमध्ये लिहावे. ‘शेजाऱ्यांचा आधार आहे’ असे न लिहिता ‘मंगळवारी शेजारच्या काकूंनी पातेलंभर मऊ भात पाठवला’ असे लिहावे. नायकानमध्ये ऐकणारा माणूस याच बाबतीत कडक असतो. ‘आईने प्रेम दिले’ असे म्हटले की तो नम्रपणे विचारतो, म्हणजे काय केले?


कीर्दवाला
रविवार, सकाळी ९.१०

सर्वांना नमस्कार. आज सकाळी, चहाच्या वेळी लिहिले. पान बरेचसे येथे उतरवतो, कारण ते आपणा सर्वांच्या सांगण्यावरून झाले आहे.

आरंभीची शिल्लक लिहायला पाऊण तास लागला. आई उशीचा टेकू न घेता बसते. पाणी पिताना ठसका लागत नाही. डाव्या हाताने चमच्याने जेवते, आणि गेल्या काही आठवड्यांपासून वाटी हलू नये म्हणून उजव्या हाताचा पंजा वाटीला लावून ठेवते. हे केव्हा सुरू झाले ते वहीत कोठेच नाही, म्हणजे मी ते पाहिले आणि लिहिले नाही. रात्री तीनदा उठावे लागे, आता एकदा उठतो. मला लघवीचे भांडे न सांडता लावता येते. पत्नी शाळेतून येताच आईचे पाय चोळते, हे मी जानेवारीपासून गृहीत धरले आहे. मावशींना औषधांच्या वेळा घड्याळ न पाहता ठाऊक आहेत. सावकाश_चाला यांच्या मोजपट्टीप्रमाणे अंदाजाने गुण लावून पाहिले, ते ४५ भरले. घरी आणले त्या दिवसाचे आठवून लावले, ते १५ निघाले. मी तज्ज्ञ नाही, पुढच्या तपासणीला गुण त्यांच्याकडूनच लावून घेणार आहे.

शनिवारच्या मोजणीसाठी कठडा धरून उभे राहणे निवडले. काल २२ सेकंद. मागचा आकडा नसल्याने यापुढे बोलत नाही.

या आठवड्याची नवी जमा, चिठोरीवरून. सोमवारी वसुलीला गेलो असता एका वृद्ध सभासदाने हप्ता तर भरलाच, वर ओसरीत बसवून ताक दिले. कारण असे की त्याचा जामीनदार माझ्या वडिलांचा मित्र होता, हे त्याला आठवले. गुरुवारी आई मावशींवर खळखळून हसली. कारण मावशींनी टीव्हीवरच्या मालिकेतील सासूची नक्कल केली. ५०० रुपयांविषयी शाखाधिकाऱ्यांना सांगितले. ते रागावले, तरी तपास सुरू झाला आहे, म्हणून ते सांगणे मी जमेला धरले आणि रागावणे नावे टाकले.

उजव्या बाजूला पाच नोंदी आहेत. मावशींची सुट्टी त्यांत आहेच. वाटीविषयी मावशींना विचारले. ती डाव्याच हाताने भिरकावली होती, म्हणून ती जुनी नोंद होती तेथेच राहील. चिडण्याचे मात्र डॉक्टरांना सांगणार आहे.

लिहीत असताना आई जागी होती आणि काय लिहितोस म्हणून विचारत होती. डावी बाजू वाचून दाखवली. तिने सारे ऐकून घेतले आणि म्हणाली, बुधवारची आमटी अळणी होती, ते लिहिले नाहीस. ते उजवीकडे लिहिले.